ओटी भरलेली अंतराळवीर

मी व्यंकटरावांच्या कापड दुकानातली बाई बोलतेय. हो, तीच. साडी नेसून दारात उभी असायची ती. नाव विचारू नका, कारण ते कुणी ठेवलंच नाही. व्यंकटराव मला पुतळा म्हणतात, त्यांचा मुलगा सुदर्शन डमी म्हणतो आणि गिऱ्हाईक ‘ती बाई’ म्हणतं. तिन्हीत मला ‘बाई’ बरं वाटतं.

माझा जन्म हैदराबादेकडच्या एका कारखान्यात झाला. धड एका साच्यातून, हात दुसऱ्या, डोकं तिसऱ्या. जोडणाऱ्यानं घाई केली आणि माझा डावा हात जरा पुढेच बसला, त्यामुळे मी कायम काहीतरी मागतेय असं वाटतं. ओठ रंगवणारा मात्र त्या दिवशी खुशीत असणार. त्यानं माझ्या तोंडावर असं हसू काढलं की ते आजवर गेलेलं नाही. रस्त्यानं मयत चालली असली तरी मी हसतच असते. लोक काय म्हणत असतील, याची मला फार लाज वाटते.

पहिली नोकरी नांदेडला, वजिराबादेतल्या एका मोठ्या साडी दुकानात. तिथं मी काचेच्या आत असायचे. किनवटकडच्या बाया रेल्वेनं यायच्या, काचेला नाक लावून माझ्या अंगावरची साडी न्याहाळायच्या आणि आत न येताच निघून जायच्या. काचेवर नाकांचे ठसे राहायचे. पुढं एकदा माल उतरवताना गठ्ठा माझ्या तोंडावर पडला आणि नाकाचा टवका उडाला. नकटी बाई मोठ्या दुकानात शोभत नाही म्हणे. मग टेम्पोत आडवी होऊन मी लातूरजवळच्या मुरुडला आले.

मुरुडला माझं चांगलं चाललं. पुढं दुकान, मागं घर, मध्ये लांबरुंद ओसरी. व्यंकटरावांनी मला रस्त्याकडं तोंड करून उभं केलं. बाया यायच्या, दुकानातल्या शंभर साड्या उलगडायला लावायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “त्या बाईच्या अंगावरची काढा.” ती काढून दिली की त्यांना वाटायचं, नको, आधीचीच बरी होती. बाजारच्या दिवशी एका म्हाताऱ्यानं मला औशाची गाडी कुठं लागते म्हणून विचारलं. दोनदा विचारलं. मी नुसती हसले. “लई गर्व हाय बाईला,” असं पुटपुटत तो गेला. मला आजही त्याची चुटपूट लागून आहे.

ओसरीच्या कोपऱ्यात महादेवीचं शिलाई मशीन होतं. साडीला फॉल, पिको, ब्लाउज, सगळं तिच्याकडं. तिचा नवरा ट्रकवर होता. काही वर्षांपूर्वी अपघातात गेला. तेव्हापासून तिचं कपाळ मोकळं आणि बोलणं कमी झालं होतं. माझ्याशी मात्र ती बोलायची. तोंडात टाचण्या धरून ब्लाउज माझ्या अंगावर चढवून बघायची आणि हळू आवाजात सांगत राहायची. माझं कपडे बदलणं असलं की आधी पडदा ओढायची आणि गड्यांना सांगायची, “पाठ करा.” गडी हसायचे. प्लास्टिकची हाय की, म्हणायचे. ती म्हणायची, “आसंल. बाई हाय न्हवं?”

एकदा महालक्ष्म्यांच्या तोंडावर तिनं मला सांगितलं होतं, “गावातल्या निम्म्या लक्ष्म्यांच्या साड्यांना फॉल माझ्या हातचा. पर दर्शनाला मी न्हाई.” तसं तिला कुणी येऊ नको म्हणत नव्हतं. या असंही कुणी म्हणत नव्हतं. मला भारी राग आला होता, पण तोंड हसतं असल्यामुळं तो कुणाला दिसला नाही.

आणि मग सुदर्शन लातूरहून नवे पुतळे घेऊन आला. चकचकीत, लांब पायांचे, आणि त्यांना डोकीच नव्हती. मला वाटलं, डोकी वेगळ्या खोक्यात असतील. पण तसं नव्हतं. हल्ली फॅशन तीच आहे म्हणे, बाईला डोकं नको. माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. सुदर्शन पोरगा वाईट नाही, पण त्याला जागा पाहिजे होती. गणपती उठले की भंगारवाल्याला बोलवायचं, असं त्यानं माझ्यासमोरच फोनवर ठरवलं.

तेवढ्यात भुजंग आला. भुजंग म्हणजे समोरच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. इतकी वर्षं अध्यक्ष आहे की आता तो गणपतीपेक्षा आधी मंडपात बसतो. मागं त्यानं हलता देखावा केला होता, कूलरची मोटर लावून. राक्षसाचा हात काही थांबेना आणि आरतीला आलेल्या सरपंचांना चापटी बसली. यंदा त्याच्या डोक्यात नवीनच होतं. गेल्या गणपतीपासून या गणपतीपर्यंत देशात जे काही मोठं घडलं, ते रोज एक याप्रमाणे मंडपात दाखवायचं.

“गावाच्या हातात फोन हाय,” तो व्यंकटरावांना म्हणाला, “पर परवा काय झालं ते आज ध्यानात न्हाई. सालभराचं तर सोडाच.”

कल्पना चांगली होती. अडचण एवढीच की देशभरातली माणसं आणायची कुठून? मंडळाला पुतळा एकच मिळणार होता, तो म्हणजे मी. सुदर्शन म्हणाला, “घेऊन जा, फक्त परत आणू नका.” कपडे शिवायचं काम महादेवीवर आलं. मी मनात म्हटलं, भंगारात जायच्या आधी देश तरी बघून घेऊ.

पहिल्या संध्याकाळी मी बुद्धिबळाची विश्वचषक विजेती झाले. आपल्या महाराष्ट्राच्याच मुलीनं मोठमोठ्या खेळाडूंना हरवून विश्वचषक आणला, तो प्रसंग. समोर पट मांडला, पुढं आलेला डावा हात नेमका घोड्यावर टेकवला. हसूही शोभून दिसलं. फक्त पटावर पांढरे उंट तीन होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खो-खो. जगातला पहिला खो-खोचा विश्वचषक दिल्लीत झाला आणि आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही जिंकला. गाव या प्रसंगावर खूश होतं, कारण खो-खो आपला मातीतला खेळ. पण मला गुडघेच वाकवता येत नाहीत. मी पाटीवर बसू कशी? भुजंगनं मला इकडून वाकवलं, तिकडून वाकवलं, शेवटी घाम पुसत म्हणाला, “हिला खांब करा.” शाळेच्या चार मुली ओळीनं बसल्या आणि जगज्जेत्या संघाचा खांब मी झाले. खांबाचं काम दिसतं तितकं सोपं नसतं. पोरी खरंच पळत सुटल्या आणि प्रत्येकीनं माझ्या कमरेला धरून वळण घेतलं.

तिसऱ्या दिवशी कुंभमेळा. मला भगवी साडी नेसवून पाण्याच्या टाकीत उभं केलं. बाकी गर्दी लागणार होती, ती गावानंच पुरवली. चौथ्या दिवशी निवडणूक. राज्याची, महापालिकेची, देशात कुठं ना कुठं ती असतेच, त्यामुळं हा प्रसंग चुकायची भीती नव्हती. माझ्या बोटाला भुजंगनं शाई लावली. ती अजून गेलेली नाही.

मग आला महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. आमच्याकडं या सणाचं अप्रूप गणपतीहून जास्त. व्यंकटरावांच्या घरात दोन्ही लक्ष्म्या भरजरी साड्या नेसून उभ्या, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला, पुढं पुरणाची ताटं, आंबिलीचा वास दुकानापर्यंत आलेला. संध्याकाळी बायांची हळदीकुंकवाला रीघ लागली. व्यंकटरावांच्या आई सरजाबाई ओसरीच्या उंबऱ्याशी तबक घेऊन उभ्या होत्या. निघणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला कुंकू लावून ओटी भरल्याशिवाय त्या पायरी उतरू देत नव्हत्या.

त्या दिवशी माझा प्रसंग होता मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा. मी मराठी भाषा होणार होते. हिरवी नऊवारी, नथ, गळ्यात चार सरी. नाक मोडकं म्हणून नथ दोऱ्यानं बांधली. पावसानं मंडपाची ताडपत्री गळत होती, म्हणून महादेवी मला ओसरीतच तयार करत होती. ती खाली बसून निऱ्या सारख्या करत होती. पदर घसरू नये म्हणून तिनं तो माझ्या पुढं आलेल्या हातावर टाकून ठेवला होता.

तेवढ्यात लाईट गेली.

मुरुडला लाईट जाणं ही काही बातमी नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी थांबलं नाही. आतल्या समयांचा थोडा उजेड ओसरीत येत होता, तेवढ्यावर सरजाबाईंचं काम चालू राहिलं. एकीला झालं, दुसरीला झालं, आणि पुढची मी. पदर पसरून उभी, मान ताठ, तोंडावर हसू. सरजाबाईंनी माझ्या नकट्या नाकाच्या वर ठसठशीत कुंकू लावलं, हळद लावली, पदरात तांदूळ, नारळ, खण घातला आणि म्हणाल्या, “नाव घे की गं.”

मी गप्प.

“लाजायलीस काय? आमच्या येळंला आमी दारात घ्येत होताव.”

मी गप्पच. मला खरंच घ्यावंसं वाटत होतं, पण घेणार कुणाचं? सरजाबाईंनी हसून माझ्या गालावरून हात फिरवला, तेव्हा त्यांना गाल जरा गार लागला असावा. तेवढ्यात लाईट आली.

बायांची हसून हसून मुरकुंडी वळली. सरजाबाई स्वतः पदर तोंडाला लावून हसत होत्या. दुकानातले गडी बघायला आले. हसली नाही ती एकटी महादेवी. ती माझ्या पायाशी बसली होती, दातांत टाचण्या धरून. माझ्यापासून हातभर अंतरावर. सरजाबाईंचं तबक तिच्या डोक्यावरून पुढं गेलं होतं.

अंधारात मी प्लास्टिकची आहे हे त्यांना कळलं नव्हतं. महादेवी विधवा आहे हे मात्र त्याच अंधारात बरोबर कळलं होतं. मला ते फार लागलं. माझ्या पदरातला नारळ मला जड झाला.

देखावा तर झकास झाला. मराठी भाषेची ओटी भरलेली पाहून लोकांनी वाहवा केली आणि भुजंगनं सगळ्यांना सांगितलं की ही कल्पना त्याचीच.

घोळ दुसऱ्या दिवशी झाला. सकाळी महादेवी माझी साडी बदलायला आली आणि सरजाबाई आडव्या आल्या. लक्ष्म्या अजून घरात होत्या. त्या जाईपर्यंत ओटी भरलेल्या बाईचं लुगडं फेडायचं नाही, असा त्यांचा हुकूम. भुजंग हातापाया पडायचा बाकी राहिला. सुदर्शननं समजावलं, “आजी, प्लास्टिकची आहे ती. गणपती झाले की भंगारात जाणार आहे.”

“प्लास्टिकची आसंल,” सरजाबाई म्हणाल्या. “वटी खरी हाय.”

महादेवीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. एक एक करून मशीनच्या गादीत खोचल्या. मग अगदी हळू आवाजात, माझ्याशी बोलते तशी, ती म्हणाली, “मावशी, हिलाबी नवरा न्हाई. मग ही कशी चालली?”

सरजाबाई तिच्याकडं बघत राहिल्या आणि आत निघून गेल्या. महादेवीनं मशीन सुरू केलं, पण सुई दोऱ्याशिवायच चालत होती, हे मला दिसलं.

त्यानंतर सरजाबाई कुणाशी धड बोलेनात. लक्ष्म्या गेल्या, माझी साडीही उतरली, नारळ देवघरात गेला. सरजाबाई दुपारी ओसरीत येऊन बसायच्या, महादेवीच्या मशीनकडं बघायच्या आणि उठून जायच्या. महादेवीही खाली मान घालून शिवत राहायची. मला वाटलं, तिनं बोलून चूक केली. आता तिला ओसरीतून मशीन उचलावं लागणार, आणि मला तर भंगारवाल्याकडं जायचंच होतं. दोघी एकदमच निघणार, असं माझ्या मनानं घेतलं. इतकी वर्षं हसत उभी राहिले, पण तेवढे दिवस मात्र आत काही बरं वाटत नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी भुजंगचा हुकमी एक्का होता. आपला माणूस अंतराळ स्थानकात जाऊन राहून आला, तो प्रसंग. महादेवीनं खताच्या पांढऱ्या गोण्या उसवून माझा पोशाख शिवला. खताचं नाव आतल्या बाजूला गेलं. पाण्याचा मोठा जार कापून डोक्यावर बसवला. मंडपाच्या वर विहिरीचा रहाट लावला होता. दोर ओढला की मी वर जाऊन अधांतरी तरंगणार. सगळं गाव जमलं होतं. दिवे इतके लावले होते की दुपार वाटावी. उशिरा कळलं की पोशाख टाचेपाशी उसवलाय, म्हणून महादेवी लोकांसमोरच खाली बसून टाके घालत होती.

गर्दी बाजूला झाली. सरजाबाई तबक घेऊन येत होत्या.

त्या आधी माझ्यापुढं आल्या. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालतात, तसं माझ्या गोणीच्या हातमोज्यावर चमचाभर दही घातलं. सांभाळून जा, म्हणाल्या. लोक हसले. मग त्या खाली वळल्या.

“उठ, महादेवी. पदर धर.”

महादेवीला कळेना. सुई तशीच हातात धरून ती उभी राहिली. लोक बघायलेत, एवढंच कसंबसं म्हणाली.

“बघू दे,” सरजाबाई म्हणाल्या. “त्या दिशी अंधारात भरले. आज उजेडात, बघून भरायले.”

तबकातलं कुंकू बोटावर घेऊन त्या थांबल्या. लावू का, असं त्यांनी विचारलं. महादेवीनं मान हलवली, तेव्हाच लावलं. मग तांदूळ, खण आणि नारळ. मागं दोघी-तिघी बाया तोंड फिरवून निघून गेल्या, तेही मी पाहिलं. पण खो-खो खेळणाऱ्या पोरींपैकी एकीची आई पुढं आली, तबकातली हळद घेऊन तिनंही महादेवीला लावली. तिच्यामागं आणखी एक आली.

“वटी भरल्यावर बाईला तसंच धाडत नसत्यात,” सरजाबाई म्हणाल्या. “काय पायजे, बोल.”

मला वाटलं, ती लाजेल, काही नको म्हणेल. महादेवीनं माझ्याकडं पाहिलं. जारच्या आत माझं हसू होतंच.

“हिला भंगारात देऊ नका, मावशी,” ती म्हणाली. “मला द्या.”

सुदर्शन दिव्यांच्या बटणापाशी उभा होता. तो पुढं आला आणि म्हणाला, “घ्या, काकू. मीच आणून ठेवतो तुमच्याकडं.”

भुजंगला आता राहवेना. त्यानं दोर ओढला. मी गपकन वर गेले, एकदा उलटी फिरले, मग सुलटी झाले. गाव टाळ्या वाजवत होतं. खाली मला मुरुडचा रस्ता दिसला, दुकान दिसलं, दारातले बिनडोक्याचे पुतळे दिसले, आणि त्या सगळ्या उजेडात महादेवीचं कपाळ दिसलं. मला रडता आलं असतं, तर त्या जारमध्ये पाणी साचलं असतं. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

आता मी महादेवीच्या घरी असते. तिच्या दारात, मशीनशेजारी. मशीन तिनं ओसरीतून हलवलं, पण कुणी काढलं म्हणून नाही. मला पाहून गिऱ्हाईक आपोआप येतं, म्हणून. अंगावर रोज नवा ब्लाउज असतो. बोटाला शाई आहे, कपाळावर कुंकवाचा पुसट डाग आहे, तो तिनं धुतला नाही. कपडे बदलताना ती अजून पडदा ओढते. पुढच्या महालक्ष्म्यांना दर्शनाला जायचं, असं ती मला काल सांगत होती. तिथं तिला किती जणी नमस्कार करतील आणि किती जणी तोंड फिरवतील, ते मला ठाऊक नाही. पण ती जाणार आहे.

तुमच्यापैकी कुणी साल सरताना बसून देशात काय काय घडलं ते सांगत असतं. कोण अंतराळात गेलं, कोण जिंकलं, कोण हरलं. माझी एक विनंती आहे. त्यात एका ओळीची जागा मुरुडसाठीही ठेवा. खास काही लिहू नका. एवढंच लिहा, की यंदा एका म्हातारीनं उजेडात, बघून ओटी भरली.

आणि हो, सरजाबाई, तुमचं एक देणं राहिलंय माझ्याकडं. तुम्ही नाव घ्यायला सांगितलं होतं, तेव्हा माझ्याकडं नाव नव्हतं. आता आहे. घेते, ऐका.

चांदण्यात फिरून आले, मुरुडात टेकला पाय,
महादेवीचं नाव घेते, आता लाजायचं काय?